गॅसच्या शेगडीतला दोष कसा शोधावा आणि तिची देखभाल कशी करावी

पुण्यात भाड्याच्या घरात आम्ही पहिल्यांदा स्वतंत्र स्वयंपाक सुरू केला, तेव्हा घरमालकांनी ठेवलेली दोन बर्नरची शेगडीच वापरायला घेतली. महिन्याभरात एका बर्नरची ज्योत पिवळी पडू लागली आणि त्यावर ठेवलेल्या प्रत्येक पातेल्याच्या बुडाला काजळी धरू लागली. घरी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत जेटचे, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या लहान पितळी तोटीचे, छिद्र मोठे करून दिले, ज्योत उंच झाली आणि आमचे समाधान झाले. पण एरवी चाळीस दिवस पुरणारी टाकी त्यानंतर महिनाभरही पुरेना आणि काजळी आधीपेक्षा वाढली. खरा दोष नंतर सापडला तो बर्नरखालच्या नळीत कोळ्याने केलेल्या जाळ्यात. बाटली धुण्याच्या ब्रशाने निघणाऱ्या त्या जाळ्यासाठी आम्ही जेट खराब करून घेतला होता.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते आणि नव्याने स्वयंपाकघर थाटणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगते. गॅस टाकीतून निघून भांड्याखाली पेटेपर्यंत ज्या वाटेने जातो, ती वाट आधी नीट समजून घ्यावी: टाकीचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, रबरी नळी, शेगडीच्या आतला पाइप, नॉबखालचा कॉक (गॅस सुरू-बंद आणि कमी-जास्त करणारी तोटी), जेट, हवा आणि गॅस एकत्र करणारी मिश्रणनळी आणि सर्वांत शेवटी बर्नर. बिघाड या वाटेवरच्या कुठल्यातरी एका ठिकाणी असतो. ते ठिकाण कळले की काम स्वतः करण्यासारखे आहे की माहीतगार माणसाला बोलवायला हवे, हेही कळते.

१. आधी हाताशी काय असावे

साहित्य फार लागत नाही. भांडी घासण्याचा साबण, एक लहान वाटी, रंगकामाचा जुना पण स्वच्छ ब्रश, दात घासण्याचा जुना ब्रश, बाटली धुण्याचा लांब ब्रश, बर्नरची छिद्रे मोकळी करण्यासाठी टाचणी किंवा पातळ तार, कोरडे सुती फडके आणि बॅटरी एवढे पुरते. कागदपत्रांमध्ये गॅसचे पुस्तक, ग्राहक क्रमांक, जोडणी घेताना मिळालेले सब्सक्रिप्शन व्हाउचर आणि शेगडीची पावती एकाच पाकिटात ठेवावी. रेग्युलेटर बिघडला तर वितरक व्हाउचर पाहायला मागतो. वितरकाचा दूरध्वनी क्रमांक आणि गॅसगळतीसाठी असलेला १९०६ हा मदत क्रमांक मोबाइलमध्ये तर असावाच, शिवाय स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर लिहूनही ठेवावा, कारण गळतीच्या वेळी मोबाइल ओट्यावरच राहिलेला असू शकतो.

२. वास आला तर सगळे सोडून हे करावे

टाकीतल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत, ओट्याखाली आणि कोपऱ्यांत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असताना एका ठिणगीने तो पेटतो.

वास येताच शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करावेत. देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझवावी. दारे-खिडक्या पूर्ण उघडाव्यात. विजेचे कुठलेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा आत ठिणगी पडते. गॅस बाहेर काढण्याच्या हेतूने एक्झॉस्ट पंखा लावणे ही सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत घातक चूक आहे. वीज तोडायचीच असेल तर घराबाहेरच्या मुख्य स्विचवरून तोडावी. रेग्युलेटर बंद करूनही वास थांबला नाही, तर रेग्युलेटर काढून टाकीवर सुरक्षा टोपी घट्ट बसवावी, जमल्यास टाकी मोकळ्या जागेत न्यावी आणि बाहेर जाऊन १९०६ वर कळवावे. टाकीने पेटच घेतला असेल तर सामान वाचवत न बसता घरातल्या सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला बोलवावे.

टाकी संपत आली की काही घरांत हलका वास जाणवतो. वास देणारे रसायन शेवटच्या गॅसमध्ये जास्त प्रमाणात उरते, हे त्याचे कारण आहे. तरीही ‘टाकी संपत आली असेल’ असे म्हणून वासाकडे दुर्लक्ष करू नये. पुढे दिलेली तपासणी करावी आणि मगच निश्चिंत व्हावे.

३. गळती नेमकी कुठे आहे ते शोधणे

ही तपासणी घरातला वास पूर्ण गेल्यावरच करायची असते. वाटीत साबणाचे दाट पाणी करून ते ब्रशाने टाकीच्या व्हॉल्व्हच्या कडेला, रेग्युलेटरच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांवर आणि शेगडीच्या मागच्या तोटीवर लावावे. आधी रेग्युलेटर बंद ठेवून पाहावे, नंतर रेग्युलेटर सुरू आणि शेगडीचे नॉब बंद ठेवून पाहावे. जिथे बुडबुडे फुगत जातील तिथे गळती आहे. काडी पेटवून गळती पाहण्याची पद्धत अजूनही काही दुरुस्तीवाले वापरतात. असे करू पाहणाऱ्याला तुम्ही तिथल्या तिथे थांबवा, मग तो कितीही अनुभवी असो.

रेग्युलेटर लावल्यावरच व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या आतले गोल रबरी वॉशर खराब झालेले असते किंवा गहाळ असते. अशी टाकी वापरू नये. टोपी लावून वितरकाला कळवले की तो ती हाताळतो. वॉशर स्वतः बदलण्याचा, किंवा तिथे दोरा वा कागद भरण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

रबरी नळीबाबत थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण भाड्याच्या घरांत सर्वाधिक हयगय तिचीच झालेली असते. नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय चिन्हाची ‘सुरक्षा’ नळीच वापरावी. तिची लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नसावी, आणि भेगा दिसत नसल्या तरी पाच वर्षांनी ती बदलावी. वर्ष नळीवर छापलेले असते. घर ताब्यात घेताना ते वाचावे आणि मुदत संपली असेल तर नव्या नळीचा खर्च कोणी करायचा हे घरमालकांशी पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. नळी शेगडीच्या मागून, तापणाऱ्या भागाला चिकटून किंवा भिंतीतून आरपार नेऊ नये. तिच्यावर कापडी खोळ चढवू नये, कारण खोळीखाली पडलेली भेग किंवा उंदराने कुरतडलेली जागा दिसत नाही. नवी नळी तोटीवर चढत नसेल तर तिचे टोक दोन-तीन मिनिटे गरम पाण्यात धरून मग ढकलावे. काडीने किंवा मेणबत्तीने रबर शेकून मऊ करण्याची सवय फार जुनी आहे, पण तिने रबर आतून करपते आणि त्याच जागी पुढे भेग जाते.

४. ज्योत पाहून दोष ओळखणे

सर्वांत पहिला प्रश्न असा विचारावा: त्रास एका बर्नरला आहे की सगळ्यांना? सगळ्या बर्नरची ज्योत एकदम मंद झाली असेल, तर दोष शेगडीच्या अलीकडे, म्हणजे टाकी, रेग्युलेटर किंवा नळीत शोधावा. टाकी संपत आली असेल, नळी कुठेतरी मुडपली असेल किंवा रेग्युलेटर बिघडला असेल. एकाच बर्नरला त्रास असेल तर टाकी आणि रेग्युलेटर यांच्यावर संशय घेण्याचे कारणच उरत नाही. दोष त्या बर्नरच्या कॉकपासून टोपीपर्यंतच्या भागात असतो. एवढा एक प्रश्न आम्ही त्या वेळी विचारला असता तर अर्धे काम झाले असते.

यानंतर ज्योतीचा रंग पाहावा. जेटच्या बारीक छिद्रातून गॅस वेगाने बाहेर पडतो आणि जाताना आजूबाजूची हवा मिश्रणनळीत ओढून घेतो. बर्नरपर्यंत हे मिश्रण पुरेशी हवा घेऊन पोहोचले की ज्योत निळी, आखूड आणि स्थिर राहते. हवा कमी पडली की गॅस पुरता जळत नाही, कार्बनचे सूक्ष्म कण तापून पिवळे दिसतात आणि तेच कण भांड्याच्या बुडाला काजळी म्हणून चिकटतात. म्हणून पिवळी ज्योत दिसली की हवेची वाट कुठे अडली आहे ते पाहावे. जेटचे छिद्र मोठे केल्याने गॅस वाढतो, त्या प्रमाणात हवा वाढत नाही, आणि दोष आणखी बळावतो. बंद स्वयंपाकघरात अशी ज्योत तासन्‌तास जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला तर वासही नसतो. दुरुस्ती होईपर्यंत खिडकी उघडी ठेवूनच स्वयंपाक करावा.

एक अपवाद लक्षात ठेवावा. मिठाचे पाणी किंवा डाळ उतू गेल्यावर ज्योतीत काही वेळ नारिंगी छटा दिसते, ती मिठातल्या सोडियमची असते. भांड्याला काजळी लागत नसेल आणि बर्नर पुसल्यावर छटा जात असेल, तर काळजीचे कारण नाही.

ज्योत बर्नरपासून उचलल्यासारखी, फरफर आवाज करत जळत असेल तर हवा जास्त होते आहे किंवा गॅसचा दाब वाढला आहे. घरगुती रेग्युलेटर टाकीतला मोठा दाब उतरवून शेगडीला सुमारे ३० मिलिबारच दाब देतो. सगळ्याच बर्नरच्या ज्योती अचानक उंच आणि जोरकस झाल्या, तर रेग्युलेटर निकामी झाला असे समजून तो लगेच बंद करावा आणि वितरकाकडून बदलून घ्यावा. रेग्युलेटर उघडून दुरुस्त करायचा नसतो आणि बाजारातून सुटा विकतही घ्यायचा नसतो. याच्या उलट, पेटवताना ‘फट्’ असा आवाज होऊन ज्योत आत जाऊन जेटपाशी जळू लागली, तर नॉब लगेच बंद करावा, बर्नर गार होऊ द्यावा आणि टोपी नीट बसली आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा टोपी तिरकी बसलेली असते किंवा तिची कड झिजलेली असते.

५. बर्नर आणि मिश्रणनळी साफ करणे

रोज स्वयंपाक होणाऱ्या घरात हे काम महिन्यातून एकदा करावे, आणि दूध किंवा भाताचे पाणी उतू गेले तर त्याच दिवशी करावे. स्टार्च आणि साय वाळून कडक झाली की छिद्रांतून काढणे अवघड जाते.

आधी रेग्युलेटर बंद करावा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्यावी. भांडे ठेवण्याच्या जाळ्या, ताटल्या, बर्नरच्या टोप्या आणि उचलून निघत असतील तर बर्नरही काढावेत. कोणता बर्नर कुठला ते आधी लक्षात ठेवावे किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण लहान आणि मोठ्या बर्नरचे जेट वेगळे असतात आणि अदलाबदल झाली तर दोन्हींची ज्योत बिघडते. काढलेले भाग साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवावेत, दात घासण्याच्या ब्रशाने घासावेत आणि एकेक छिद्र टाचणीने मोकळे करावे. पितळी बर्नर लिंबाने किंवा चिंचेने छान उजळतात. अॅल्युमिनियमच्या भागांना खाण्याचा सोडा लावू नये, ते काळे पडतात.

मिश्रणनळी बहुतेक जण विसरतात. बर्नरला जोडलेली ही आडवी नळी लांब ब्रशाने आतून पुसावी आणि बॅटरीच्या उजेडात आरपार पाहावी. कोळ्याचे जाळे, झुरळांची अंडी, पिठाची बारीक धूळ यांपैकी काहीतरी निघतेच, विशेषतः सुट्टीत घर महिनाभर बंद राहिले असेल तर. काही शेगड्यांत नळीच्या तोंडाशी हवा कमी-जास्त करणारी पत्र्याची चकती असते. तीवरही तेलकट थर साचतो, तो पुसावा, पण तिची जागा सरकवू नये.

परत बसवण्याआधी सगळे भाग पूर्ण वाळू द्यावेत. फडक्याने पुसून लगेच बसवले तर छिद्रांत पाणी राहते, ज्योत तडतडते आणि साफसफाईनेच शेगडी बिघडल्यासारखे वाटते. उन्हात तासभर ठेवलेले चांगले. बसवल्यावर प्रत्येक बर्नर मंद आणि मोठ्या आचेवर पेटवून ज्योतीचे कडे सर्व बाजूंनी अखंड दिसते का ते पाहावे.

काचेच्या शेगडीला आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तापलेल्या काचेवर गार पाणी किंवा ओले फडके टाकू नये, आणि बर्नरपेक्षा फार मोठे, काचेवर पसरणारे पातेले किंवा तवा तासभर ठेवून देऊ नये, कारण खाली कोंडलेल्या उष्णतेने काच फुटू शकते.

६. जेटला हात लावण्याआधी

बर्नर आणि मिश्रणनळी स्वच्छ असूनही ज्योत बारीकच राहत असेल, तर जेटमध्ये कचरा अडकलेला असू शकतो. जेट पितळेचा असतो आणि त्याचे छिद्र गॅसच्या प्रकाराप्रमाणे ठरलेल्या मापाचे असते. मऊ ब्रशाने वरचा कचरा झाडण्यापलीकडे तुम्ही काही करू नये. त्यात शिवणाची सुई किंवा पोलादी तार घातली की मऊ पितळ झिजते आणि छिद्र कायमचे मोठे होते. जेट खराब झाला असेल तर त्याच शेगडीच्या त्याच बर्नरचा, त्याच क्रमांकाचा नवा जेट बसवून घ्यावा. आमच्या शेगडीला शेवटी तेच करावे लागले, आणि टाकी पुन्हा चाळीस दिवस पुरू लागली.

७. नॉब आणि पेटवण्याची यंत्रणा

नॉब जड फिरत असेल तर खालच्या कॉकमधले वंगण वाळलेले असते. त्यात खाण्याचे तेल किंवा शिवणयंत्राचे तेल घालू नये. तापल्यावर ते वाहून जाते आणि गॅस झिरपू लागतो. कॉक खोलून उष्णता सहन करणारे खास वंगण भरण्याचे काम तंत्रज्ञाकडून करून घ्यावे आणि नंतर साबणाच्या पाण्याने तपासावे. आपोआप पेटणाऱ्या शेगडीत ठिणगी पडत नसेल तर प्रथम सेल बदलावा, मग बर्नरशेजारची पांढरी चिनी मातीची कांडी पुसून कोरडी करावी. धुतल्यानंतर एक-दोन दिवस ठिणगी न पडणे नेहमीचे आहे. काडीने पेटवायचे असल्यास काडी आधी पेटवून मगच नॉब उघडावा, आणि दोन-तीन प्रयत्नांत बर्नर पेटला नाही तर नॉब बंद करून काही मिनिटे थांबावे.

८. टाकी घेताना आणि बदलताना

टाकी आणून देणाऱ्यासमोरच चार गोष्टी पाहाव्यात. सील आणि टोपी शाबूत आहे का. वजन किती आहे: रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवावेत, टाकीवर १५.६ असेल तर काट्यावर २९.८ किलो यायला हवेत. चाचणीची मुदत किती आहे: टाकीच्या मानेजवळच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. ‘बी २७’ लिहिलेली टाकी जून २०२७ पर्यंत चालते; मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. चौथी गोष्ट म्हणजे टोपी काढून व्हॉल्व्हच्या आत रबरी वॉशर आहे ना हे बॅटरीने पाहावे.

टाकी बदलताना घरात कुठेही आग, दिवा, उदबत्ती पेटती नसावी. टाकी नेहमी उभी, जमिनीवर आणि शेगडीच्या पातळीपेक्षा खाली असावी. ती ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवत असाल तर कपाटाच्या दाराला तळाशी हवा जाण्याची भोके हवीत, कारण गळलेला गॅस खालीच साचतो. थंडीत गॅस मंद येतो म्हणून किंवा शेवटचा गॅस मिळावा म्हणून टाकी आडवी करणे, हलवणे किंवा गरम पाण्याच्या टपात ठेवणे हे अनेक घरांत चालते. टाकी आडवी केली की वायूऐवजी द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एक लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वायू तयार होतो. शेगडी एवढा गॅस सांभाळण्यासाठी बनवलेली नसते.

९. पाइपच्या गॅसची जोडणी घेतली असेल तर

मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत आता पाइपचा गॅस घरोघरी पोहोचतो आहे. हा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, म्हणून गळती झाल्यास तो छताकडे जातो. भिंतीतला वरचा झरोका आणि खिडकीचा वरचा भाग उघडा ठेवणे इथे महत्त्वाचे. त्याला जळायला टाकीच्या गॅसपेक्षा पुष्कळ कमी हवा लागते आणि त्याचे जेट मोठ्या छिद्राचे असतात. त्यामुळे टाकीवरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत मरगळलेली येते, आणि पाइपची शेगडी टाकीला जोडली तर पिवळी, उंच आणि धोकादायक ज्योत येते. घर बदलताना शेगडी सोबत नेणाऱ्यांनी आधी जेट बदलून घ्यावेत आणि तोवर ती पेटवूही नये.

१०. दुरुस्तीवाल्याला बोलावताना

‘गॅस कंपनीकडून तपासणीला आलो आहोत’ असे सांगत दारावर येऊन, चांगली नळी खराब ठरवून नवी विकणारे लोक शहरांत फिरत असतात. आमच्याकडेही असे दोघे आले होते आणि दोन वर्षांचीच नळी काढून तिच्या जागी चिन्ह नसलेली नळी लावून पैसे घेऊन गेले. आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहावे, त्याला बाहेरच थांबवून वितरकाला फोन करावा, आणि वितरकाने होय म्हटले तरच आत घ्यावे. तपासणीनंतर पावती मागावी.

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी दोष एका बर्नरला आहे की सगळ्यांना, ज्योत कोणत्या रंगाची आहे, त्रास कधीपासून आहे आणि काय साफ करून झाले आहे, हे कागदावर लिहून ठेवावे आणि तोच कागद त्याच्या हातात द्यावा. बदललेला प्रत्येक भाग परत मागून घ्यावा. तो जाण्याआधी त्याच्यासमोरच साबणाचे पाणी लावून सगळे जोड तपासावेत, आणि कामाची तारीख गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर नळी बदलल्याच्या तारखेखाली लिहून ठेवावी.